वुल्व्हरिनची वाट बघताना

‘मार्व्हल्स वुल्व्हरिन’ या गेमची घोषणा सप्टेंबर 2021 मध्ये झाली, तेव्हा भाचा आठवीत होता. गेम येणार 2026 मध्ये. तोवर भाचा शिकायला पुण्याला गेलेला असेल. प्लेस्टेशन 5 मात्र कारापूरच्या घरीच राहणार!

या पाच वर्षांत ट्रेलर थांबवून थांबवून आम्ही किती अंदाज बांधले! खलनायक कोण? स्पायडरमॅन भेटेल का?

सांखळीत चैत्रात वीरभद्र बघायला जाणाऱ्यांना कथा पाठ असते, तरी सगळे जागतात. वुल्व्हरिनही 1974 पासून कॉमिक्समध्ये आहेच. मजा एकत्र वाट बघण्यात असते.

म्हणून आमचं ठरलंय: चवथीला नाहीतर दिवाळीला तो घरी येईपर्यंत गेमचं सील फोडायचं नाही.