माळवद आणि पत्रा

जामखेडला निघालो म्हटलं, की पुण्या-मुंबईची मंडळी हमखास विचारतात, "तिथं काय आहे हो पाहण्यासारखं?" उत्तर तसं अवघड नाही. तालुक्यातलं चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव; २०२४ साली नगर जिल्हा अहिल्यानगर झाला तो त्यांच्याच नावानं. खर्ड्याला किल्ला आहे, आणि १७९५ साली मराठ्यांनी निजामाला तिथं नमवलं ती लढाई आपण शाळेत घोकलेली आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली गावात सुरू केलेलं आरोग्याचं काम पाहायला तर देशोदेशीचे लोक येतात. मी मात्र ऐन मे महिन्यात गेलो, आणि पाहत राहिलो ती घरांची छपरं.

नगरहून निघालेली एस. टी. आष्टीवरून जाते, म्हणजे मध्येच बीड जिल्ह्यात शिरते आणि पुन्हा आपल्या जिल्ह्यात परतते. बालाघाटाच्या कुशीतला हा मुलूख उघडाबोडका. झाडी बेताची, वाऱ्याला अडवणारं कुणी नाही. भर दुपारी माळावर वावटळी उठतात, पाचोळा गरगरत वर जातो. अमेरिकेतल्या टोर्नेडोची हीच धाकटी बहीण, असं पुष्कळांना वाटतं. नात्याचा काही संबंध नाही! वावटळ तापलेल्या जमिनीतून, निरभ्र आभाळाखाली उठते आणि घटकाभरात विरते. टोर्नेडो जन्मतो प्रचंड गडगडाटी ढगाच्या पोटी. तो आपल्याकडे अगदीच परका नाही. १७ मार्च १९७८ रोजी एकानं दिल्ली विद्यापीठाचा परिसर झोडपला. बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ रोजी आलेल्या टोर्नेडोत तर सुमारे तेराशे माणसं दगावली.

जामखेडकरांचा खरा पाहुणा म्हणजे वळीव. सकाळपासून जीव नकोसा करणारी उष्णता, दुपारी ढगांचे डोंगर, आणि मग एकाएकी क्षितिजावर धुळीची लाल भिंत. पावसानं गार झालेली जड हवा ढगातून खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. ही भिंत तिचीच. पाऊस मागून येतो. पहिला तडाखा वाऱ्याचा.

अशा ढगांचा मोटारीतून पाठलाग करणारे वेडे अमेरिकेत १९५० च्या दशकापासून आहेत. वेड म्हणायचं, पण त्यातून शास्त्रही आलं. किंमतही पडली. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमात टिम समारास हा अनुभवी संशोधक, त्याचा मुलगा आणि एक सहकारी वादळात सापडून गेले. आपल्याकडे हे काम विमानातून झालं. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनं २००९ पासून ढगांत विमानं धाडली. २०१८ आणि २०१९ साली तर इथून आग्नेयेला असलेल्या सोलापुरात तळ ठोकला. त्यांचा शोध होता ढग पाऊस कसा देतो, किंवा देत नाही, याचा. दुष्काळी मुलखाला वादळाइतकीच त्याचीही चिंता! याच संस्थेचं 'दामिनी' आता मोबाईलवर विजेची आगाऊ सूचना देतं. वळवात वाऱ्याहून वीज अधिक घातकी, तेव्हा झाडाखाली उभं राहू नये हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागतंच.

आता छपरांकडे येऊ. जुनी घरं माळवदाची. लाकडी खांब, त्यांवर तुळया, किलचा, आणि वर फूटभर पांढरी माती. चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो तरी भरावं. असलं छप्पर वारा काय उचलणार? आत गारवा, वर धान्य वाळवायला अंगण. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या, वरची माती निजलेल्या माणसांवर कोसळली, हजारो माणसं गेली. तेव्हापासून माळवद म्हटलं की लोकांना धडकी भरते.

म्हणून पत्रा आला. पत्र्याचं वजन चौरस मीटरला चार-पाच किलो. ताशी १४० किलोमीटरचा वारा धरून पुण्यात घरं बांधावीत, असं आपलं बांधकामाचं मानक सांगतं. त्या वेगाचा दाब येतो चौरस मीटरला नव्वद किलोंच्या आसपास. आणि गंमत अशी, की वारा छपराला दाबत नाही, वर ओढतो. कोपऱ्यांना आणि वळचणीला सगळ्यांत जास्त. वाऱ्याच्या तोंडचं दार उघडं असेल, तर आत शिरलेली हवा खालून रेटते. मग पत्र्यावर ठेवलेले दोन धोंडे काय धरणार? तेच उडून शेजाऱ्याच्या अंगणात पडायचे.

एका वस्तीवर पत्रे बसत होते. तिथल्या म्हातारीनं सगळा इतिहास दोन वाक्यांत सांगितला. "माळवदाखाली किल्लारीपासनं झोप न्हाई. पत्र्याखाली वळवात न्हाई."

गवंडी चाळिशीतला, बोलका. मी विचारलं, "मग दोन्हींतून सुटका कशी?"

"बांधायचं, सायेब," तो म्हणाला. "भितीला खिडकीच्या वर काँक्रीटचा पट्टा चारी बाजूंनी फिरवायचा. पट्ट्यातनं सळई वर काढून अँगल तिला जखडायचा. पत्रा अँगलला जे अक्षरावानी वाकवलेल्या बोल्टांनी. समदं एकमेकांला धरून पायजे."

भूकंपाचे आणि वादळाचे इंजिनियर निरनिराळ्या ग्रंथांत नेमकं हेच लिहितात. हादऱ्यात पट्टा भिंतींना फाकू देत नाही. वाऱ्यात तोच पट्टा छपराला सोडत नाही. ओसरीचा पत्रा घराच्या पत्र्याहून वेगळा ठेवावा, म्हणजे उडालाच तर एकटा उडेल, हे त्यानं वर सांगितलं. कडेच्या ओळीला बोल्ट दुप्पट हवेत, हेही.

तिथंच घोडं अडलं. म्हातारीच्या मुलाला हिशेब परवडेना. "कडंला बी मधल्यावानीच मारा. वर धोंडं हायेतच की," तो म्हणाला. गवंडी गप्प राहिला. म्हातारी उठली, आत गेली, आणि लुगड्याच्या गाठीतले पैसे मोजून गवंड्याच्या हातावर ठेवले. मग मुलाला म्हणाली, "आन् त्ये जुन्या छपरावरलं धोंडं गोठ्याच्या गडग्याला लाव."