नक्कल आणि तिची स्मृती

वाचकहो, संगणकावर एक मजकूर उचलून दुसरा उचलला की पहिला नाहीसा होतो, हा अनुभव आपणांसही असेल. एका सायंकाळी मी अनुवादाचा अखेरचा परिच्छेद एका फाइलमधून कापून घेतला, ती फाइल बंद केली, आणि तो दुसरीकडे चिकटविण्यापूर्वीच एक तारीख उचलली! रात्री तो पुन्हा लिहिला. पहिल्याची सर त्याला आली नाही.

विंडोजमध्ये २०१८ पासून याची सोय आहे. ती एकदा सुरू करून विंडोजची कळ व ‘व्ही’ एकत्र दाबली की अलीकडचे २५ उतारे समोर येतात. परंतु संगणक पुन्हा सुरू करताच, टाचून ठेवलेले वगळता, सारे पुसले जातात. म्हणून मी ‘डिट्टो’ ही विनामूल्य आज्ञावली घेतली. तिच्यातील उतारे संगणक बंद केल्यावरही टिकतात व शब्द टंकून शोधता येतात. मी हर्षभरित झालो.

पुढे ‘अनुदान’ हा शब्द शोधताना त्या यादीत माझ्या बँकेचा संकेतशब्द स्वच्छ अक्षरांत दिसला. त्या यंत्रावर दुपारनंतर माझे एक सहकारी बसतात, अत्यंत सज्जन गृहस्थ; तरीही मी चरकलो. डिट्टो आता केवळ घरी आहे. कार्यालयात विंडोजचीच सोय वापरतो आणि उठण्यापूर्वी यादी पुसतो. संकेतशब्द मात्र, कितीही लांबलचक असो, हातानेच टंकतो.