हौद्यावरचे जाळे

तुळजापूर तालुक्यातील काटी-सावरगावच्या द्राक्षपट्ट्यात ज्यांचा चरितार्थ बागेवर चालतो, त्यांच्या वर्षाचा खरा आरंभ ऑक्टोबर छाटणीने होतो. आणि बहुधा त्याच सुमारास, शारदीय नवरात्रापासून कोजागरी पौर्णिमेपर्यंत, सोलापूरहून तुळजापुरास जाणारा रस्ता आई भवानीच्या दर्शनास पायी निघालेल्या आबालवृद्धांनी अहोरात्र भरलेला असतो. कात्र्या, तारेची भेंडोळी, ठिबकच्या नळ्या, फवारणीचा पंप, औषधांचे पिंप आणि रिकामी कॅरेट असा नानाविध सरंजाम सोलापुराकडून तामलवाडीमार्गे शेतावर आणावयाचा, तो याच रस्त्याने आणि याच दिवसांत. म्हणून पिकअपच्या हौद्यावर माल कशाने बांधावा, हा प्रश्न आमच्या घरी केवळ मालाच्या नुकसानीचा कधीच नव्हता. रस्त्याच्या कडेने अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या जिवाचा तो प्रश्न होता.

मागच्या कोजागरीपूर्वी आमच्या पुढे धावणाऱ्या एका गाडीतून रिकामे कॅरेट उडाले आणि पदयात्रेकरू स्त्रियांच्या एका घोळक्यापासून हातभर अंतरावर आपटून फुटले. कोणास इजा झाली नाही. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सर्व अण्णा म्हणतो, त्यांनी गाडी थांबवून ते तुकडे स्वहस्ते बाजूला केले, आणि घरी पोहोचेपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत. जाळे घ्यावयाचे ठरले ते त्या दिवशी.

तोपर्यंत आमचा शिरस्ता ताडपत्री आणि दोराचा होता, व ती पद्धत त्याज्य आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. पावसात तिला पर्याय नाही. परंतु दिवसाकाठी चार बागांवर थांबून थोडेथोडे सामान उतरवावयाचे असेल, तर प्रत्येक ठिकाणी ताडपत्री सोडणे आणि पुन्हा आवळणे कंटाळवाणे होते, गडीमाणसे शेवटची गाठ सैल सोडतात, आणि एकदा का वारा ताडपत्रीखाली शिरला की ती शिडासारखी फुगून दोरासकट मालच उचलू पाहते. जाळ्यातून वारा आरपार जातो, हा त्याचा पहिला आणि मोठा गुण होय.

वाऱ्याचे सामर्थ्य आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ अधिक असते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत आडव्या येणाऱ्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे ३० किलो वजनाइतका दाब येतो, आणि वेग निम्मा केला तर तो एकचतुर्थांशावर उतरतो. रिकामे कॅरेट वजनाला जेमतेम दोन किलो भरते, पण त्याचे अंग मोठे. द्राक्षांनी भरलेली गाडी बाजारपेठेकडे जाताना जितकी सुरक्षित असते, तितकी रिकामी कॅरेट घेऊन परतताना नसते. आणि लोक तर परतीच्या खेपेलाच बांधाबांध टाळतात.

सोलापूरच्या बाजारात दुकानदाराने पुढ्यात टाकलेली बहुतेक सर्व जाळी ‘नायलॉन’ याच नावाने विकली जात होती. अण्णांनी प्रत्येक जाळ्याचा सुटा धागा मागून घेतला आणि पाण्याच्या पेल्यात बुडवून पाहिला. पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगते. खरे नायलॉन आणि पॉलिएस्टर तळाशी जाते. एवढ्या साध्या परीक्षेने अर्धा निवाडा झाला. नायलॉन बळकट खरे, पण ते ताणले जाते आणि ओले झाल्यावर आणखी सैलावते. पॉलिएस्टर फारसे ताणत नाही व उन्हालाही बऱ्यापैकी टिकते, पण किमतीला जड. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि हलके. मात्र त्यात ऊन सोसण्याचे द्रव्य मिसळलेले नसेल, तर आमच्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात त्याचे तंतू ठिसूळ होऊन हाताला भुकटी लागू लागते. धाग्यात काजळी मिसळलेली असेल तर ती ऊन आत शिरू देत नाही, म्हणून त्यातल्या त्यात काळे जाळे अधिक काळ टिकते. रबरी, ताणून बसवावयाची जाळीही तेथे होती. दुचाकीवरील पिशवीस ती पुरेशी असतील. परंतु गतिरोधकावर माल उसळला की रबर त्याच्याबरोबर उसळते, आणि ताणलेला हूक निसटून डोळ्यावर बसला तर दृष्टी जाते. ती आम्ही बाजूस सारली.

जाळ्याचे घर किती मोठे असावे, याविषयी मला सर्वांत उपयोगी सल्ला मिळाला तो दुकानात नव्हे, तर आमच्या रानात मेंढ्या बसविणाऱ्या एका वृद्ध मेंढपाळाकडून. कळपाभोवती लावावयाची वाघर दाखवीत ते म्हणाले, “मेंढरावर बघून घर धरायचं नस्तंय, मालक. कोकराचं डोस्कं शिरंना असं धरायचं.” हौद्यासही हाच न्याय लागू आहे. सर्वांत लहान सुटी वस्तू जेथून निसटणार नाही, तेवढे घर हवे. आणि त्याहून लहान अशा जोडण्या, बुचे, कात्र्या पोत्यात घालून पोत्याचे तोंड शिवावे, कारण त्यांच्यासाठी बारीक घराचे जाळे घेऊ गेल्यास ते कॅरेटच्या कोपऱ्यांत सारखे अडकते. आम्ही चार बोटे आत जातील एवढे घर निवडले.

मापाचा हिशेब सोपा आहे, तरी पुष्कळ लोक केवळ हौद्याचे माप सांगून जाळे आणतात. आमचा हौदा लांबीस नऊ फूट व रुंदीस साडेपाच फूट. माल कठड्याच्या वर दीड फूट येतो आणि बांधावयाच्या कड्या काठाच्या खाली फूटभर आहेत. म्हणजे प्रत्येक बाजूस अडीच फूट धरून लांबी चौदा आणि रुंदी साडेदहा फूट झाली. रुंदी थोडी वाढवून अकरा घेतली, कारण जास्तीचे जाळे चुणून घेता येते, अपुरे मात्र पुरविता येत नाही. काठाचा दोर आतील धाग्याहून जाड हवा, कारण अखेर सर्व ताण त्याच्यावर येतो. प्लास्टिकचे हूक नाकारून लोखंडी, तोंडास झडप असलेले हूक घेतले. उघड्या तोंडाचा हूक खड्ड्याच्या दणक्याने कडीतून सुटतो.

एवढे झाल्यावर आम्ही निश्चिंत होणार, तोच आमच्या जुन्या चालकाने जे सांगितले ते मला या सर्व उपद्व्यापाचे सार वाटते. पंप व मोटर जाळ्याखाली तशीच ठेवलेली पाहून तो म्हणाला, “अण्णा, जाळं पसारा धरतंय, वजन न्हाई धरत.” ६० किलोच्या मोटरीचे उदाहरण घ्या. अमेरिकेतील मालवाहतुकीच्या नियमांत बांधणीने पुढच्या दिशेस वजनाच्या ०.८ पट व आडव्या दिशेस निम्मा जोर सोसला पाहिजे असे धरलेले आहे. त्या हिशेबाने करकचून ब्रेक लावताच ही मोटर ४८ किलोच्या जोराने केबिनकडे धाव घेईल. विस्तृत पसरलेले सैलसर जाळे तिला काय थोपविणार? तिला केबिनच्या पाठीस टेकवून, खाली पोते घालून, रॅचेटच्या पट्ट्याने स्वतंत्र आवळले पाहिजे, पिंपांसही तेच. जाळे त्यानंतर, सर्वांवरून.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने, माल गाडीच्या बाजूंबाहेर अगर विहित उंचीपलीकडे गेल्यास २०,००० रुपये दंड आणि माल उतरविण्याचा खर्च ठरविला आहे. परंतु मर्यादेच्या आत राहूनही नीट न बांधलेला माल तितकाच घातक असतो, आणि त्याची पाहणी नाक्यावर क्वचितच होते; ती ज्याची त्यानेच करावयाची.

आता सोलापुराबाहेर पडल्यावर तामलवाडीस गाडी थांबते. पहिल्या काही कोसांत माल दबून बसतो व पट्टे सैल पडतात, म्हणून तेथे ते पुन्हा आवळले जातात, मग घाई कितीही असो. काम संपले की जाळे उन्हात न ठेवता घडी करून पडवीत टांगले जाते. छाटणीच्या दिवसांत शेजारचे बागाईतदार ते मागावयास येतात आणि अण्णा आनंदाने देतात. मात्र जाळे एकटे देत नाहीत. पट्टे नेणार नसाल तर जाळेही नेऊ नका, असे ते प्रत्येकास स्पष्ट सांगतात, आणि गाडी भरून होईपर्यंत तेथे उभे राहतात.