रेषेवरचा चेंडू

11 जून 2024 ची रात्र. दोह्यात भारत विरुद्ध कतार, विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतला शेवटचा सामना. कर्णधार सुनील छेत्री पाच दिवसांपूर्वीच निवृत्त झालेला. तरीही 37व्या मिनिटाला छांगटेने गोल केला होता, आणि ही आघाडी टिकली असती तर भारत पहिल्यांदाच तिसऱ्या फेरीत गेला असता. कोल्हापुरात माझ्या घरी आम्ही चार जुने रेफ्री टीव्हीसमोर श्वास रोखून बसलो होतो.

73व्या मिनिटाला फ्री किक आली. कतारच्या यूसुफ आयमनने हेडर मारला, आपला गोलरक्षक गुरप्रीतने तो अडवला आणि स्वतः खाली पडला. चेंडू त्याच्याजवळून सरकत पोस्टच्या बाजूला रेषेपलीकडे गेला. आपली पोरं थांबली. चेंडू बाहेर गेला की खेळाडूचं अंग आपोआप सैल पडतं, तशी थांबली. तेवढ्यात अल-हुसेनने तो पायाने आत ओढला आणि आयमनने जाळ्यात मारला. रेफ्रीने गोल दिला.

‘‘भाईर हुता की रं त्यो!’’ माझ्या शेजारी बसलेला, पंधरा वर्षं माझ्या सामन्यांत झेंडा धरलेला लाइन्समन ताडकन उठला. रिप्लेमध्ये चेंडू बाहेरच होता. जगाने पाहिलं. त्या फेरीत व्हीएआर (व्हिडिओ पाहून मैदानावरच्या रेफ्रीला मदत करणारा पंच) नव्हतं, म्हणून ज्याला पाहायला हवं होतं त्या एका माणसाला ते पाहता आलं नाही. पुढे आणखी एक गोल खाऊन भारत 2-1 असा हरला. भारतीय फुटबॉल महासंघाने तक्रार केली, पण निकाल तोच राहिला.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सारखा आठवत राहिला तो त्याच शहरातला, दीड वर्षापूर्वीचा दुसरा एक चेंडू.

1 डिसेंबर 2022, विश्वचषकात जपान विरुद्ध स्पेन. मितोमाने गोलरेषेवरून चेंडू मागे वळवला, तानाकाने तो आत ढकलला. जपान 2-1 ने जिंकला आणि त्या निकालाने जर्मनी स्पर्धेबाहेर गेला. बाजूने काढलेल्या फोटोंत चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये चक्क हिरवं गवत दिसत होतं. किती लोकांनी मला तो फोटो पाठवून विचारलं, ‘सर, हा गोल कसा?’ नियम सांगतो की संपूर्ण चेंडूने संपूर्ण रेषा ओलांडली पाहिजे. चेंडूचा व्यास साधारण 22 सेंटिमीटर. तो जमिनीला टेकतो तो फक्त मधल्या एका बिंदूवर. म्हणजे टेकलेला बिंदू रेषेच्या बाहेरच्या कडेपासून दहा सेंटिमीटर लांब असला तरी चेंडूचं पोट अजून रेषेच्या वर असतं, आणि चेंडू खेळात असतो. डोळ्याला गवत दिसतं, पोट दिसत नाही. ते दिसायला बरोबर रेषेच्या डोक्यावर कॅमेरा लागतो. तिथे तो होता. चेंडू दोन मिलिमीटरपेक्षाही कमी अंतराने आत होता.

जपानच्या चेंडूला न्याय मिळाला, आपल्या चेंडूला मिळाला नाही. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : चेंडू कुठे होता? या प्रश्नाला मतमतांतर नसतं. इथे मी यंत्रापुढे मान तुकवतो आणि त्यात मला तसूभर कमीपणा वाटत नाही. अठ्ठावीस वर्षं शिट्टी वाजवल्यावर सांगतो, गर्दीतून, धावत, खेळाडूंच्या पाठींमधून रेषेवरचा चेंडू अचूक सांगणारा माणूस जन्माला आलेला नाही.

या बाबतीत मला रेफ्री रॉबर्टो रोसेत्ती यांचं फार वाटतं. 2010 च्या विश्वचषकात अर्जेंटिना-मेक्सिको सामन्यात तेवेझने स्पष्ट ऑफसाइडमधून गोल केला. लाइन्समनने झेंडा वर केला नाही. आणि मग स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर रिप्ले लागला. मेक्सिकोचे खेळाडू पडद्याकडे बोट दाखवत रोसेत्तींभोवती जमले. चूक समोर धडधडीत दिसत असताना ते लाइन्समनशी बोलले, आणि नियम तेव्हा पडद्यावरचं पाहून निर्णय फिरवू देत नव्हता म्हणून गोल कायम ठेवला. रेफ्रीवर यापेक्षा वाईट वेळ येऊ शकते असं मला वाटत नाही. त्याच दिवशी इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू जर्मनीच्या गोलमध्ये ढळढळीत आत पडला आणि दिला गेला नाही. दोनच वर्षांत गोलरेषा तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली. आणि 2018 साली रशियात विश्वचषकात व्हीएआर पहिल्यांदा आलं, तेव्हा फिफाच्या त्या प्रकल्पाचे प्रमुख होते रोसेत्ती.

इथवर सगळं सरळ आहे. पण फुटबॉलमधले खरे भांडणाचे निर्णय ‘कुठे’चे नसतात, ‘किती’चे असतात. धक्का किती जोरात? हात किती नैसर्गिक? पाय किती बेफिकिरीने आला? इथे रिप्ले काय करतो, हे मला जगातल्या कुठल्याही मोठ्या सामन्याच्या आधी आमच्याच मातीत शिकायला मिळालं.

2015 चा हंगाम असेल. दोन पेठांतल्या दोन तालमी समोरासमोर. आमच्याकडे फुटबॉल संघ तालमींच्या नावाने खेळतात आणि हारजीत पेठेच्या अब्रूवर जाते, हे कोल्हापूरबाहेरच्या वाचकाने लक्षात घ्यावं. शेवटची चार मिनिटं, बरोबरी. पाच-सहा फुटांवरून फटका बसला, बचाव करणारा पोरगा पाठ वळवत होता, आणि ‘थप’ असा आवाज झाला. मांडीवर चेंडू बसला तर आवाज बसका येतो, हातावर बसला तर कोरडा. मी कोरडा आवाज ऐकला आणि पेनल्टी दिली. गोल झाला. आम्हाला पोलिसांनी बाहेर काढलं.

रात्री एका विद्यार्थ्याने मोबाइलवर व्हिडिओ आणून दाखवला. त्याने तो संथ करून ठेवला होता. हात अंगापासून सुटतो, हळूहळू वर येतो, चेंडूकडे जातो, चेंडू लागतो. मला केवढं हायसं वाटलं! निर्णय बरोबर होता. दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ मी आमच्या एका ज्येष्ठ पंचांना अभिमानाने दाखवला. त्यांनी तो एकदा पाहिला आणि म्हणाले, ‘‘आता ह्यो खेळाच्या वेगात लाव.’’

खेळाच्या वेगात लावला. फटका आणि हात यांच्यामध्ये डोळ्याची पापणी लवायलासुद्धा वेळ नव्हता. पोरगा वळताना तोल सांभाळायला हात उचलत होता, चेंडू त्या हातावर येऊन आदळला होता. संथ चित्रात जो हात चेंडूकडे ‘जाताना’ दिसला, तो खऱ्या वेळात कुठेच जात नव्हता. मला निर्दोष ठरवणारं चित्रच खोटं होतं. त्या पोराला मी नंतर भेटलो आणि सांगितलं की माझं चुकलं. तो काही बोलला नाही, नुसती मान हलवली. मला अजून त्याचा चेहरा दिसतो.

संथ चित्र माणसाच्या हालचालीत हेतू ओततं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी 2016 साली हे एका खऱ्या गुन्ह्याच्या चित्रीकरणावर दाखवून दिलं : तेच दृश्य संथ पाहणाऱ्यांना गोळी झाडणाऱ्याचा हेतू जास्त ठाम वाटला, कारण त्याच्याकडे विचार करायला वेळ होता असा भास त्यांना झाला. पुढे व्हीएआरची नियमावली आली, तिच्यात हे वाक्य वाचलं तेव्हा मी कागद खाली ठेवला आणि आमच्या ज्येष्ठांना मनातल्या मनात नमस्कार केला. नियमावली सांगते : संथ चित्र वस्तुस्थितीसाठी वापरावं, म्हणजे चेंडू बाहेर गेला का, स्पर्श कुठे झाला यासाठी. धक्क्याची तीव्रता आणि हाताचा गुन्हा ठरवायचा तो नेहमीच्या वेगात पाहून. माझ्या मते अख्ख्या नियमावलीतलं हे सर्वांत शहाणं वाक्य आहे. मोठ्या सामन्यांत त्याचाच विसर सर्वाधिक पडतो.

2018 च्या विश्वचषकाची अंतिम लढत आठवा. फ्रान्सचा कॉर्नर, मात्युइदीची उडी हुकली, त्याच्या मागे असलेल्या क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला. अर्जेंटिनाचे रेफ्री नेस्तोर पिताना मॉनिटरपाशी गेले, पाहिलं, मैदानाकडे वळले, आणि पाय अडखळावा तसे पुन्हा मॉनिटरकडे परतले. ते दुसऱ्यांदा परतणं माझ्याशी कायम बोलतं. हात लागला हे त्यांना पहिल्याच वेळी दिसलं असणार. ‘कुठे’चं उत्तर मिळालं होतं. ते ‘किती’ शोधत होते, आणि ते पडद्यात नव्हतं. पेनल्टी दिली, ग्रीझमनने गोल केला, फ्रान्स 4-2 ने जिंकला. मी असतो तर दिली नसती. पण लुझनिकीत तसं उभं राहून, सगळं जग पाठीवर डोळे लावून असताना, मॉनिटरपासून हात हलवत परतायला काय छाती लागते हे मला कळतं. मॉनिटरकडे बोलावला गेलेला रेफ्री बहुतेक वेळा निर्णय फिरवूनच येतो, कारण बोलावणं हेच ‘तू चुकलास’ असं ऐकू येतं.

ऑफसाइडचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे यंत्र झपाट्याने सुधारतंय. सेकंदाला 50 चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात, सेकंदाला आठ मीटर धावणारा फॉरवर्ड दोन चित्रांच्या मध्ये 16 सेंटिमीटर पुढे सरकतो. मग काखेतून रेघ ओढून तीन सेंटिमीटरचं ऑफसाइड देण्याला काय अर्थ? 2022 मध्ये चेंडूतच सेकंदाला 500 नोंदी करणारा सेन्सर बसवला, तेव्हा पासचा क्षण नेमका सापडू लागला. हा ‘कुठे’चा प्रश्न होता, तो यंत्रानेच सोडवायला हवा होता.

एवढी यंत्रं असूनही शेवटी माणूस माणसाशी बोलतो, आणि तिथे घात होऊ शकतो. 30 सप्टेंबर 2023, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुईस दियाझचा गोल, लाइन्समनचा झेंडा वर. व्हीएआर खोलीत रेघ ओढली, दियाझ ऑनसाइड निघाला. पण खोलीतल्या पंचाचा समज झाला की मैदानावर गोलच दिलाय. त्याने ‘चेक कम्प्लीट’ एवढंच म्हटलं. मैदानावरच्यांनी ऐकलं : झेंडा बरोबर. खेळ सुरू झाला. चूक पहिल्यांदा लक्षात आली ती रिप्ले लावणाऱ्या ऑपरेटरच्या. पण खेळ पुन्हा सुरू झाल्यावर मागे जाता येत नाही. मी ते ध्वनिमुद्रण वर्गात वाजवतो. निर्णय काय झाला, गोल की ऑफसाइड, हा एक शब्द कोणी उच्चारला असता तर पुरे होतं. म्हणून माझ्या वर्गात ‘ओके’ आणि ‘बरोबर’ या शब्दांना बंदी आहे. ‘गोल नाही, ऑफसाइड, निळा नऊ’ असं पूर्ण बोलायचं.

आपल्याकडे आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, व्हीएआर नाही. मार्च 2023 मध्ये बेंगळुरूत छेत्रीने भिंत उभी राहायच्या आधी फ्री किक मारून गोल केला आणि केरळ ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला, तेव्हा सगळे म्हणाले, व्हीएआर असतं तर असं झालं नसतं. मला ते पटत नाही. व्हीएआर तेव्हा चार गोष्टींपुरतं होतं : गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि कार्ड भलत्यालाच दाखवणं. फ्री किक लवकर घेऊ द्यायची की नाही, हा मैदानावरच्या रेफ्रीचा अधिकार. तो पडद्यावर सोपवता येत नाही आणि सोपवूही नये.

मला आशा वाटते ती एका साध्या पद्धतीत. 2024 च्या वीस वर्षांखालील महिला विश्वचषकात कोलंबियात ती वापरली गेली. वेगळी खोली नाही, खोलीतला पंच नाही. प्रशिक्षक बोट हवेत गोल फिरवून कार्ड देतो, सामन्यात दोनदा मागणी करू शकतो, आणि रेफ्री स्वतः मॉनिटरवर पाहतो. मोजके कॅमेरे पुरतात. आमचे सामने आज यूट्यूबवर थेट दिसतातच. गोलरेषेच्या दोन टोकांना एकेक कॅमेरा लावायला किती लागतं? मी हा विषय बैठकीत तीनदा मांडलाय, चौथ्यांदाही मांडणार आहे. फक्त एक अट घालणार आहे : हात आणि धक्का पाहायचा असेल तर संथ करायचं बटण बंद.

नव्या रेफ्रींच्या शिबिरात पहिल्या दिवशी सकाळी मी चुन्याची रेष मारून घेतो आणि तिच्यावर चेंडू ठेवतो. पोरं-पोरी चहूबाजूंनी उभी राहतात. मी चेंडू बोटाने थोडाथोडा बाहेर सरकवत जातो, ज्याला ‘बाहेर’ वाटेल त्याने हात वर करायचा. गेल्या खेपेला मागच्या बाजूच्या सगळ्यांनी पटापट हात वर केले. इचलकरंजीची एक मुलगी रेषेच्या टोकाला पालथी पडून, एक डोळा मिटून, हनुवटीला चुना लागलेला, शेवटपर्यंत पाहत राहिली. ‘‘अजून आहे सर,’’ ती म्हणाली. ‘‘अजून आहे.’’