आमची बदली आणि कन्येच्या पेशी

सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम ही काही नवलाची वस्तू नव्हे. तथापि सहा वर्षांपूर्वी तंजावरला येताना आम्ही जितके कुरकुरलो, तितकेच परवा नागपूरचा हुकूम हाती पडताच हरखलो, हे लपविण्यात अर्थ नाही. माळ्यावरच्या पेट्या खाली आल्या. तेव्हा कन्येने शांतपणे सांगितले, "बाबा, मी येणार नाही. माझ्या पेशींना दर दोन दिवसांनी खाऊ घालावे लागते."

आम्ही रागावलो. पेशींसाठी कोणी आईबापांस सोडते काय? कन्या येथल्या विद्यापीठात संशोधन करते, असे आम्ही चारचौघांत अभिमानाने सांगत असू; ते संशोधन कशाचे, हे विचारण्याचे कष्ट मात्र घेतले नव्हते. अखेर एका रविवारी तिने आम्हां उभयतांना प्रयोगशाळेत नेले.

सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या स्नायूंच्या पेशी होत्या. त्यांचा मूळ वाण याफे आणि सॅक्सेल या संशोधकांनी १९७७ मध्ये मिळविला. त्याची संतती आजही जगभर बशांतून वाढते आहे. पहिल्या बशीत सुट्या, टोकदार पेशी होत्या. दुसरीतले पोषण चार दिवसांपूर्वी तोडले होते : गोगर्भाचे सीरम काढून घोड्याचे, तेही थोडेसेच, घातलेले. (गोगर्भ म्हणताच सौभाग्यवतींनी कानांवर हात ठेवले.) पोषण तुटताच या पेशी विभागणे थांबवितात, ओळीने एकमेकींना लागतात आणि मिसळून अनेक केंद्रकांची एकच लांब नळी होतात. त्यांतली एक नळी आमच्या देखत आखडली. "अगंबाई, हलली की!" सौभाग्यवती ओरडल्या.

कन्येचे लक्ष असते ते याच चार दिवसांवर. या काळात स्नायूस बळ पुरविणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, झपाट्याने वाढतात. पण त्यांचा संसार दोन घरांवर चालतो. तंतुकणिकेपाशी स्वतःची जनुके अवघी ३७, आणि त्यांवरून होणारी प्रथिने केवळ १३. उरलेली हजारांच्या घरातली प्रथिने केंद्रकातील जनुकांवरून बाहेर घडतात आणि मग आत येतात. श्वसनाच्या यंत्रात दोन्हीकडचे भाग एकमेकांत बसले पाहिजेत. एका घराने घाई केली, तर भाग नुसते पडून राहावयाचे.

मग दोघांना एकदम हुकूम कोण सोडतो? १९९८ मध्ये अमेरिकेत स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेत पीजीसी-१ अल्फा नावाचे प्रथिन सापडले. ते स्वतः डीएनएला चिकटत नाही. चिकटणाऱ्यांना जोर देते. अशांपैकी एनआरएफ-१ हे टीफॅम नावाच्या प्रथिनाचे जनुक जागे करते, आणि टीफॅम तंतुकणिकेत शिरून तेथल्या जनुकांना कामास लावते. स्वतः कोठेही सही न करता सगळ्या फायली हलविणारे गृहस्थ आम्ही कचेरीत पाहिले आहेत. त्यामुळे हे प्रकरण आम्हांस तत्काळ उमगले. कन्या हसली. "पण हा हुकूम केव्हा सुटतो आणि किती, तेच तर मी मोजते आहे. आत्ता सोडले, तर सारे पहिल्यापासून."

परतताना पाय सरस्वती महालाकडे वळले. सरफोजीराजांनी आपल्या नेत्ररुग्णांच्या ज्या नोंदी करवून ठेवल्या, त्या याच ग्रंथालयात आहेत. भोसले कुळाचा इतिहास त्यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरविला, तोही मराठीत. सहा वर्षे आम्ही पाहुण्यांना ती अक्षरे दाखवून, मराठी माणूस येथे कसा रुजला, यावर व्याख्याने दिली. स्वतःची मुलगी येथेच रुजते आहे, हे मात्र आमच्या ध्यानी आले नव्हते.

रात्री सौभाग्यवतींनी विचारले, "त्या सदतीस जनुकांचे काय गं? ती कोणाकडून येतात?"

"आईकडून. बाबांची त्यांत एकही नाही."

आम्हांस हे किंचित लागले. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पेट्या भरताना त्यांनी पुरणयंत्र आणि पोळपाट बाहेर काढून कन्येच्या फळीवर ठेवले.