उलटा काप

हाताने अक्षर काढण्यातले जे हरवले, त्याची ही नोंद.

बोरू. धारदार चाकूने काडी तिरकी छाटायची, टोक चपटे करायचे, मध्ये चीर द्यायची. देवनागरीसाठी हा काप इंग्रजी अक्षरांच्या निबेपेक्षा उलट दिशेचा लागतो. इंग्रजी कापाने ‘क’ काढला, की जाड हवी तिथे रेघ बारीक पडते आणि अक्षर आजारी दिसते. हे सांगून कळत नाही. बोरू हातातून काढून घेऊन कोणीतरी पुन्हा छाटून दिला, की लगेच कळते. असे छाटून देणारे मास्तर आता नाहीत.

कित्ता. आधी मोडीचा गेला, मग देवनागरीचाही.

ड्रॉइंगचा तास. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव-निपाणी मुंबई राज्यात होते. म्हणून चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षाही मुंबईच्याच. अक्षरलेखन भूमितीच्या पेपरात असे, म्हणून टी-स्क्वेअर, गुण्या, कंपास आणि रुलिंग पेन ही अक्षराचीही हत्यारे. रुलिंग पेनच्या दोन पात्यांमध्ये शाईचा थेंब ब्रशने सोडायचा, स्क्रू फिरवून रेघेची जाडी ठरवायची, पाती बाहेरून पुसून घ्यायची. पुसायचे राहिले तर शाई पट्टीखाली ओढली जाई आणि तासाभराचे काम वाया जाई. या भीतीनेच हात स्थिर होत असे, असे मला वाटते.

मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला आणि अक्षराला नोकरीची वाट फुटली. बेळगावात के. बी. कुलकर्णींकडे चित्रकला शिकलेले रवी परांजपे पुढे टाइम्स ऑफ इंडियात चित्रकार झाले. त्या पिढीच्या जाहिरातीतले शीर्षक हातानेच काढले जाई.

डोळ्याने सोडलेले अंतर. ‘नगर’ लिहा. प्रत्येक अक्षरानंतर पट्टीने सारखी जागा सोडली, तर शब्द ‘र’पाशी फाटतो, कारण ‘र’च्या पोटाखाली जागा मोकळीच असते. तिथे अक्षर जवळ ओढावे लागते. किती, हे कागद हातभर लांब धरून, डोळे किलकिले करून ठरवायचे. फॉन्टमध्ये हा निर्णय एकदाच कोणीतरी घेऊन ठेवलेला असतो. शिकणाऱ्याच्या वाट्याला तो येतच नाही. मला सगळ्यांत मोठे नुकसान हे वाटते.

दोन लिप्यांचा हात. हा मात्र खास आपल्या बेळगाव-निपाणी भागाचा, मराठी आणि कन्नड. देवनागरी शिरोरेघेला लटकते, ब्रश वरून खाली येतो. कन्नडात प्रत्येक अक्षराचे डोके स्वतंत्र, ब्रश वळत राहतो. मराठीच्या वेलांट्या-मात्रांना जागा वर लागते, कन्नडच्या जोडाक्षराला खाली. वर कन्नड आणि खाली मराठी अशी पाटी असली, की दोन्ही एकाच पट्ट्यात येऊन भिडतात. ‘निपाणी’च घ्या. कन्नडात त्यातला ‘प’ दुहेरी आहे, दुसरा ‘प’ पहिल्याच्या पायाशी लोंबतो. मराठीत ‘नि’ आणि ‘णी’वर वेलांट्या, मधल्या ‘पा’वर काहीच नाही. दोन्ही लिप्या हातात असलेला पेंटर तो लोंबता ‘प’ बरोबर या दोन वेलांट्यांच्या मधल्या खोबणीत बसवतो आणि ओळी जवळ येतात. फ्लेक्सवाला दोन ओळींतले अंतर वाढवतो, मग पाटीत मावावे म्हणून अक्षरे लहान करतो.