क्रियापद शेवटी येतं!

जर्मन माणसाने ‘कारण’ म्हटलं की पुढच्या वाक्यातलं क्रियापद पार शेवटी जाऊन बसतं, आणि ते तिथेच येणार हे माझ्या कानाला आधीपासून ठाऊक असतं! इंग्रजी बोलणारे इथे हैराण होतात, पॉडकास्टमधला शिक्षक त्यांना धीर देत तेच तेच समजावतो, आणि इकडे मी मुलुंड गेलं, घाटकोपर यायचंय अशा कुठल्याशा क्षणी दोन खांद्यांच्या मधे उभी राहून मनात ओरडते, अहो, आम्ही जन्मापासून असंच बोलतो! गेल्या पावसाळ्यात मला जर्मनमध्ये नमस्कार म्हणायलासुद्धा येत नव्हतं. आता सकाळी डोंबिवली फास्टमध्ये पाय ठेवला की हात आपोआप इअरफोनकडे जातो. कधी एकदा धडा सुरू होतो असं होतं, आणि दादर आलं की वाटतं, एवढ्यात?

सुरुवात भाचीमुळे झाली. ती सांगलीला नर्सिंग शिकते. जर्मनीत नर्स म्हणून काम करायचं तर आधी बी-वन आणि मग बी-टू पातळीपर्यंत भाषा यावी लागते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तिच्या मैत्रिणींमध्ये दुसरा विषयच नाही. ती रोज क्लासला जाते, पण होस्टेलवर आल्यावर बोलणार कुणाशी? एकदा फोनवर म्हणाली, “मावशी, तू रोज एवढा वेळ ट्रेनमध्ये असतेस, तूही ऐक ना गं. मला बोलायला कुणीतरी हवंय.” आणि तिने मला एका धड्याची लिंक पाठवली.

तो पिम्सलर पद्धतीचा धडा होता. साधारण अर्ध्या तासाचा, आणि त्यात वाचायचं काहीच नाही! लेडीज डब्यात सकाळी आठला एक हात वरच्या कडीला आणि एक हात पर्सवर असतो, मोबाइलचा पडदा बघायला तिसरा हात कुठून आणणार? इथे पडदा लागतच नाही. कानात एक संवाद येतो, मग निवेदक सांगतो की आता तुम्ही त्या बाईंना विचारा, त्यांना जर्मन समजतं का, आणि तो गप्प बसतो. त्या चार-पाच सेकंदांच्या शांततेत तुम्हाला उत्तर डोक्यातून खेचून आणून तोंडाने म्हणायचं असतं. त्यानंतरच बरोबर उत्तर ऐकू येतं. ही शांतता म्हणजे सगळी जादू! नुसतं ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. तोंडाने काढायची वेळ आली की खरा व्यायाम सुरू होतो, आणि उत्तर जुळलं की अंगात जी लहर उठते ती मी कुणाला कशी सांगू?

पण गर्दीत मोठ्याने बोलतेस कशी, असं मला ऑफिसात सगळ्या विचारतात. अगं, लेडीज डब्यात सकाळी निम्म्या बायकांचे ओठ हलत असतात! कुणी विष्णुसहस्रनाम म्हणतेय, कुणी पोथी वाचतेय, पलीकडे भजनाचा ग्रुप टाळ्यांवर रंगलाय, दाराशी कुणी फोनवर मुलाला डब्यात काय भरलंय ते सांगतेय. त्यात मी माझं जर्मन पुटपुटते. “ठाण्याला उतरणार का?” एवढं विचारण्यापलीकडे कुणी माझ्याकडे बघतसुद्धा नाही. पाठांतराला इतकी मोकळी जागा अख्ख्या मुंबईत दुसरी नसेल.

मग मला कुतूहल वाटायला लागलं. काल संध्याकाळी पक्कं झालं असं वाटलेलं वाक्य आज नेमकं निसटायच्या बेतात असताना धड्यातला निवेदक ते परत कसं काय विचारतो? शोधत गेले आणि थक्क झाले. पॉल पिम्सलर हे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ. १९६७ मध्ये त्यांनी स्मरणाचं एक वेळापत्रकच मांडलं. नवा शब्द ऐकला की पाच सेकंदांनी तो पुन्हा आठवायचा, मग पंचवीस सेकंदांनी, मग २ मिनिटांनी, १० मिनिटांनी, तासाने, ५ तासांनी, दुसऱ्या दिवशी, ५ दिवसांनी, २५ दिवसांनी, ४ महिन्यांनी आणि शेवटी २ वर्षांनी. प्रत्येक अंतर आधीच्या अंतराच्या साधारण पाचपट! आठवण पुसट व्हायला लागते तेव्हाच तिला हात घालायचा, म्हणजे पुढच्या वेळी ती जास्त काळ टिकते.

त्यांच्याही आधी, १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी, हेरमान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि त्या किती वेगाने विसरल्या जातात ते मोजलं. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त निसटतं, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. त्याने कुणा विद्यार्थ्यांना कामाला लावलं नाही, वर्षानुवर्षं स्वतःच्याच डोक्यावर प्रयोग केले! मला हा माणूस फार आवडून गेला.

आणि हे वाचत असतानाच माझ्या लक्षात आलं की हे वेळापत्रक मी जगतेच आहे! सकाळी जाताना एक धडा, मध्ये ऑफिसचे तास, संध्याकाळी परतीच्या गाडीत तोच धडा पुन्हा, मग रात्रीची झोप, आणि सकाळी पुढच्या धड्यात कालचे शब्द परत हजर. एका बैठकीत चार तास घोकणाऱ्याला ही अंतरं मुद्दाम पाळावी लागतील. रोज अप-डाउन करणाऱ्याला ती रेल्वेच आखून देते. या प्रवासाला आम्ही आयुष्यभर वाया गेलेला वेळ म्हणत आलो, आणि माणसाच्या स्मरणशक्तीला नेमका असाच तुकड्या-तुकड्यांचा, ठरावीक अंतराने परत येणारा वेळ लागतो! कल्याण-कर्जत-कसाऱ्याच्या प्रत्येक बाईला थांबवून हे सांगावंसं वाटतं मला.

फलाटावर गाडीची वाट बघताना मात्र हात मोकळे असतात, तेव्हा मी अंकी उघडते. डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये केलेलं हे कार्डांचं अ‍ॅप. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर, आणि तुम्हाला ते किती सहज आठवलं त्यावरून ते कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे अ‍ॅप ठरवतं. दिसायला साधं, रुक्षच म्हणा ना, पण माझ्या फोनमधलं सगळ्यात हुशार अ‍ॅप तेच. हिरव्या घुबडाचं ड्युओलिंगो भाचीने फोनमध्ये घालून दिलं होतं, तेही चाळलं. अक्षरांची आणि पहिल्या शब्दांची भीती घालवायला ते छान आहे, पण माझा जीव कानात रमतो.

आणि कानासाठी केवढा खजिना आहे! डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेने तर भाषा शिकणाऱ्यांसाठी दारं सताड उघडी ठेवली आहेत, तीही फुकट. ‘निकोस वेग’ नावाची त्यांची मालिका आहे. निको नावाचा स्पॅनिश तरुण जर्मनीत उतरतो, विमानतळावरच त्याची बॅग हरवते, भाषा येत नाही, मावशीचा पत्ता शोधायचाय. त्याच्याबरोबर आपणही रस्ता विचारायला, जेवण मागवायला, ओळख करून द्यायला शिकतो. भाग छोटे छोटे, एक ठाण्यापर्यंत, दुसरा कुर्ल्यापर्यंत. मी ते बघत नाही, नुसते ऐकते, आणि रविवारी घरी तेच भाग चित्रासह बघते तेव्हा ओळखीची माणसं भेटल्यासारखं होतं.

डॉइचे वेलेच्याच सावकाश वाचलेल्या बातम्या आहेत. खऱ्या, त्या त्या दिवसाच्या बातम्या, पण एकेक शब्द सुटा करून वाचलेल्या, आणि सोबत लिखित मजकूर. पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा नुसती देशांची नावं पकडली. मग आकडे कळायला लागले. मग एका संध्याकाळी, भायखळ्याला गाडी सिग्नलला अडकलेली असताना, रेल्वेच्या संपाची एक अख्खी बातमी समजली! कोण संपावर आहे, कशासाठी आहे, प्रवाशांचे काय हाल होताहेत, सगळं! माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल कोण जाणे, समोरच्या बाईंनी विचारलं, “काय हो, चांगली बातमी वाटतं?”

सीएसएमटीला उतरल्यावर ऑफिसपर्यंतचं चालणंही आता माझ्या अभ्यासात आलं आहे. अलेक्झांडर आर्ग्युएलेस या अनेक भाषा जाणणाऱ्या अमेरिकन अभ्यासकाने प्रसिद्ध केलेली एक पद्धत आहे: ताठ, झपझप चालायचं आणि कानात येणारा आवाज ऐकता ऐकता त्याच क्षणी त्याच्याबरोबर मोठ्याने बोलायचं. डी. एन. रोडच्या कमानींखालून, फेरीवाल्यांच्या हाकांमधून, मी निकोच्या सुरात सूर मिसळत जाते. अर्थाचा विचार करायला वेळच नसतो, जीभ आणि श्वास आपसूक त्या लयीत जातात. ओठांचा चंबू करून काढायचे ते दोन जर्मन स्वर आपल्याकडे नाहीत. वहीत लिहून ते कधीच आले नसते, चालता चालता आले.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त वेड लावलंय तिच्याकडे येते. हे धडे मी ऐकते ते इंग्रजीतून समजावलेले, त्यामुळे त्यांत ज्या गोष्टींना अवघड म्हणून सांगितलं जातं त्या आपल्याला अवघड नाहीतच! तीन लिंगं? हिंदीत दोन, इंग्रजीत नामांना लिंगाची भानगडच नाही, पण आपल्याकडे तो, ती, ते आहेच की! सूर्य त्यांच्याकडे बाई असतो हे लक्षात ठेवावं लागतं, पण निर्जीव वस्तूला लिंग असू शकतं हे मला कुणी पटवून द्यावं लागत नाही. उलट अनेकवचनात त्यांचं सोपं, तिन्ही लिंगांना एकच उपपद. आपले ते, त्या, ती जर्मन माणसाने शिकायचे म्हटले तर त्याला घाम फुटेल. आकडे? चोवीस म्हणताना ते आधी चार म्हणतात, मग वीस. आपणही तेच करतो! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’ आलं तेव्हा केवढी चर्चा झाली होती आपल्याकडे. थंडी वाजतेय हे जर्मन माणूस ‘मीर’ लावून सांगतो, अगदी आपल्या ‘मला’सारखं. तिथे इंग्रजीतून आलेले विद्यार्थी हमखास ‘मी’ लावतात. आणि झेड अक्षराचा तो त्स! ‘चमचा’ आणि ‘चाक’ म्हणणाऱ्या जिभेला तो घरचाच आहे.

भाचीला हे सगळं मी रोज व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवते, तीही जर्मनमध्ये उत्तर पाठवते. तिचं व्याकरण पक्कं, कारण तिच्या क्लासमधल्या बाई वही तपासून देतात, चूक तिथल्या तिथे पकडतात. ते काम अ‍ॅप करत नाही आणि लिहायला टेबल-खुर्चीच लागते, हे मला दिसतंय. म्हणून काळा घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनात ए-वनच्या परीक्षेची चौकशी करून आले आहे. पण उच्चाराच्या बाबतीत ती म्हणते, “मावशी, तुझं बोलणं ऐकून माझ्या रूममेटला वाटलं कुणीतरी मॅडम आहेत.” तिला रोज अर्ध्या-अर्ध्या तासाचं ऐकणं मिळत नाही, मला मिळतं. आता ती होस्टेल ते हॉस्पिटल एसटीने जाताना तेच धडे ऐकायला लागली आहे.

आणि आम्हा दोघींच्या डोक्यात आता एक खूळ शिरलंय. नर्सिंगच्या, आयटीआयच्या, वेल्डिंग-वायरिंग शिकणाऱ्या कितीतरी मुलामुलींना जर्मन हवंय, आणि त्यांना ते आधी इंग्रजीच्या दारातून आत घेतलं जातं, म्हणजे दुप्पट ओझं. त्यांना थेट मराठीतून का नको? पहिला भाग आकड्यांवर, कारण तिथे सगळ्यात लवकर धीर येतो. दुसरा ‘मला’वर. तिसरा क्रियापदावर. प्रत्येक प्रश्नानंतर पाच सेकंदांची शांतता, आणि भाग एवढाच की सांगलीहून मिरजेला पोचेपर्यंत संपावा. जर्मन वाक्यं तिच्या क्लासमधल्या बाई बोलायला तयार आहेत, मराठी निवेदन माझं. येत्या रविवारी भाची डोंबिवलीला येतेय. बेडरूमच्या खिडक्या बंद करून, पंखा थांबवून, मोबाइलवरच पहिला भाग रेकॉर्ड करायचाय, आणि आकडे कुठवर घ्यायचे यावर आमचं अजून भांडण चालू आहे. ती म्हणते वीसपर्यंत, मी म्हणते नव्व्याण्णव!